सात दिवसांचे कुलूप

काउंटर-स्ट्राइक या खेळातली ‘स्किन’ म्हणजे बंदुकीवर चढवायचे रंगरूप. ती लावल्याने नेम सुधारत नाही की गोळीचा मार वाढत नाही. तरीही ऑगस्ट २०१३मध्ये ‘आर्म्स डील’ या अपडेटमधून स्किन खेळात आल्या आणि थोड्याच काळात त्यांची खरेदी-विक्री हा स्वतंत्र धंदा होऊन बसला. जानेवारी २०१८मध्ये बोस्टनच्या स्पर्धेतून निघालेली ‘ड्रॅगन लोर’ ही स्नायपर रायफलची स्किन ६१ हजार डॉलरहून जास्त किमतीला गेली. तिच्यावर विजेत्या संघातल्या एका खेळाडूची सही होती. सहीसुद्धा अर्थात पडद्यावरच्या स्टिकरची.

एवढे पैसे मोजून हाती नेमके काय येते, हे आधी समजून घ्यावे लागते. स्किन खेळाडूच्या संगणकात नसते. ती खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या सर्व्हरवरची एक नोंद असते: अमुक वस्तू तमुक खात्याच्या नावावर. विक्री झाली की सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तसे नोंदीतले नाव बदलते, बाकी काही हलत नाही. फरक इतकाच की इथे तलाठी, दप्तर आणि कायदा तिन्ही एकाच कंपनीचे. खाती असतात ती ‘स्टीम’ या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन मंचावर, आणि स्टीमच्या करारानुसार खातेदाराला मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. खेळात लबाडी केल्याबद्दल खात्यावर बंदी आली, तर त्या खेळातल्या वस्तू त्याच खात्यात अडकून पडतात. आणि गावच्या फेरफाराला हरकत घ्यायला पंधरा दिवसांची नोटीस तरी असते. या दप्तरात सुरुवातीला तशी कसलीच मुदत नव्हती. ती पुढे आली. या बाजारातल्या सुरक्षिततेचा इतिहास म्हणजे बहुतांशी ती मुदत कशी आली आणि कशी वाढत गेली याचा इतिहास आहे.

वस्तूची पारख शिकायला वेळ लागतो, पण ती या कामाची सोपी बाजू. प्रत्येक स्किनला जन्मताच ० ते १ यांमधला झिजेचा एक आकडा मिळतो. व्यापारी त्याला ‘फ्लोट’ म्हणतात, आणि कितीही खेळले तरी तो बदलत नाही. ०.०७च्या आतली वस्तू ‘फॅक्टरी न्यू’, ०.१५पर्यंत ‘मिनिमल वेअर’, ०.३८पर्यंत ‘फील्ड-टेस्टेड’, ०.४५पर्यंत ‘वेल-वॉर्न’ आणि त्यापुढची ‘बॅटल-स्कार्ड’. पण ०.१५१ आणि ०.३७ या दोन्ही वस्तूंवर फील्ड-टेस्टेड असाच शिक्का असतो आणि त्या शेजारी ठेवल्या तर एकाच घराण्यातल्या वाटत नाहीत. त्यावर नक्षीचा क्रमांक वेगळा. ‘केस हार्डन्ड’ या स्किनवरचे निळे-सोनेरी डाग कुठे पडतील हे त्या क्रमांकावर ठरते, आणि निळा रंग भरून आलेल्या मोजक्या क्रमांकांना साध्या नगाच्या कित्येक पट भाव मिळतो. तेव्हा नुसते नाव आणि चित्र पाहून सौदा करणारा अर्धीच वस्तू पाहत असतो. फ्लोट आणि नक्षी ‘इन्स्पेक्ट’ करून स्वतः गेममध्ये पाहायची. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा धरायचा नाही. काही गोष्टी पाठच असाव्या लागतात. एडब्ल्यूपी रायफलची ‘असीमोव्ह’ ०.१८च्या खालच्या फ्लोटने बनतच नाही. ती फॅक्टरी न्यू आहे असे सांगणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड, आणि दोघांशीही सौदा टाळलेला बरा. नेम टॅग लावून स्वस्त वस्तूला महागड्या वस्तूचे नाव देण्याची चाल जुनी आहे. असे चिकटवलेले नाव अवतरणचिन्हांत दिसते, एवढे लक्षात ठेवले की ती चाल चालत नाही.

पेट्या, म्हणजे ‘केस’, फोडण्याच्या भानगडीत मुरलेला व्यापारी सहसा पडत नाही. चावी २.४९ डॉलरची, आणि चीनमधल्या नियमांमुळे तिथल्या वितरकाने २०१७मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार चाकू किंवा तितकीच दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के. सर्वांत हलक्या प्रतीची वस्तू निघण्याची शक्यता ७९.९२ टक्के. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८मध्ये या पेट्यांना जुगार ठरवले, ते हे आकडे पाहता अनाकलनीय नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ती पैशापाशी. स्टीमचे स्वतःचे ‘कम्युनिटी मार्केट’ डिसेंबर २०१२पासून आहे. तिथे काउंटर-स्ट्राइकची वस्तू विकणाऱ्याला १०० रुपये मिळायचे तर घेणाऱ्याला ११५ मोजावे लागतात. वरच्यातले ५ टक्के स्टीमचे, १० टक्के खेळाचे. मिळालेले पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये जमा होतात आणि तिथून बँकेत परत येत नाहीत. त्यांतून दुसरी स्किन घ्यायची किंवा गेम विकत घ्यायचा. महाग आणि एकेरी असला, तरी हा मार्ग सुरक्षित आहे, कारण वस्तू आणि पैसे या दोन्हींची नावे एकाच दप्तरात, एकाच क्षणी बदलतात. ज्याला रोख रक्कम हवी त्याला बाहेर पडावे लागते. बाहेर तीच स्किन मार्केटपेक्षा स्वस्त मिळते, आणि भावातली ही तफावत हेच व्यापाऱ्याचे उत्पन्न. पण बाहेरच्या सौद्यात वस्तू एका दप्तरात हलते, पैसे दुसऱ्या, आणि दोन्ही दप्तरांना एकमेकांचा पत्ता नसतो. वस्तू दिली पण पैसे आले नाहीत, पैसे दिले पण वस्तू आली नाही, किंवा दोन्ही झाले आणि आठवड्याने एक बाजू उलटली: या धंद्यातली फसवणूक या तीन प्रकारांबाहेर फारशी जात नाही.

जुन्या ऑनलाइन खेळांनी हे आधीच भोगले होते. ‘रूनस्केप’मध्ये दोन खेळाडू समोरासमोर अदलाबदलीची खिडकी उघडत, आणि त्यांतला ठग शेवटच्या क्षणी मौल्यवान जिन्नस काढून तसाच दिसणारा हलका जिन्नस ठेवी. त्यावर उपाय म्हणून दुसरी खिडकी आली: काय देत आहात आणि काय घेत आहात ते पुन्हा वाचा, मग हो म्हणा. २००७च्या अखेरीपासून तर त्या खेळाने असमान मोलाच्या अदलाबदलीवरच मर्यादा घातली. खऱ्या पैशांचा चोरटा व्यापार आवरला, पण मित्राला भेट देणेही अवघड झाले. फेब्रुवारी २०११मध्ये मोकळा व्यापार परत आणावा लागला. उलट टोकाला ‘डायब्लो ३’ने २०१२मध्ये खऱ्या पैशांचा अधिकृत लिलावच उघडला. तो मार्च २०१४मध्ये बंद झाला. फसवणुकीपेक्षाही, राक्षस मारण्याऐवजी लोक दुकानदारी करू लागले हे त्याचे कारण. दार पूर्ण बंद करणे आणि सताड उघडणे हे दोन्ही उपाय करून झाल्यावर उरला तो तिसरा, दार उशिरा उघडण्याचा.

स्टीमने तोच धरला. डिसेंबर २०१५मध्ये व्हॉल्व्हने सांगितले की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती बळकावून लुटली जात आहेत. त्याआधी कंपनी लुबाडलेल्या माणसाला हरवलेल्या वस्तूची प्रत बनवून देत असे. मूळ वस्तू तोवर तिसऱ्या-चौथ्या निरपराध माणसाकडे गेलेली असे, म्हणजे एकाच दुर्मीळ वस्तूचे दोन नग होत आणि दुर्मीळपणा पातळ होई. ती पद्धत बंद पडली. खात्यातून गेलेली वस्तू परत मिळणार नाही, हा नियम झाला. त्याच्या जोडीला फोनवरून सौद्याला संमती घेणारा ऑथेंटिकेटर आला. ज्याच्याकडे तो नाही त्याने दिलेली वस्तू काही दिवस रोखून धरली जाऊ लागली. ही मुदत पुढे १५ दिवसांची झाली. मार्च २०१८मध्ये काउंटर-स्ट्राइकसाठी आणखी एक कुलूप आले: ट्रेडमधून मिळालेली वस्तू ७ दिवस पुढे कोणाला देता येणार नाही. चोराचा माल दहा हातांतून फिरवून मिनिटांत गायब करण्याची सोय त्यामुळे गेली. प्रामाणिक व्यापाऱ्याचे भांडवलही आठवडाभर गोठू लागले, आणि या कुलपाला सर्वाधिक शिव्या त्यानेच घातल्या.

पण कुलूप दाराला असते, घरमालकाच्या घाईला नसते. २०१८नंतरची फसवणूक जवळजवळ सगळी माणसाला घाई करायला लावण्यावर उभी आहे. तिचा सर्वांत कसबी नमुना म्हणजे एपीआय किल्लीचा. सुरुवात साधी असते. कोणीतरी ‘आमच्या संघाला मत दे’ किंवा ‘या स्किनचा भाव बघ’ म्हणून लिंक पाठवतो. उघडलेल्या पानावर स्टीमची लॉगिन खिडकी येते, पत्त्यासकट हुबेहूब. पण ती खिडकी नसून पानावर काढलेले खिडकीचे चित्र असते. ती ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून पाहिली तर बाहेर येत नाही, ही तिची ओळख. तिथे पासवर्ड आणि कोड टाकला की चोर खात्यात शिरतो, पण काही उचलत नाही. तो खात्याच्या नावाने एक वेब एपीआय किल्ली, म्हणजे प्रोग्रामला खात्याच्या ऑफर हाताळू देणारा परवाना, तयार करतो आणि वाट पाहतो. दिवस जातात. मग एक दिवस मालक खरोखरीचा सौदा करतो, ऑफर पाठवतो, आणि फोनवर संमती द्यायच्या आत चोराचा प्रोग्राम ती ऑफर रद्द करून दुसरी उभी करतो: तेच नाव, तोच फोटो, तीच वस्तू, फक्त खाते वेगळे. मालक फोन काढतो, ओळखीचा चेहरा पाहतो आणि हो म्हणतो. म्हणजे ऑथेंटिकेटर असूनही वस्तू जाते, आणि मालकाच्याच बोटाने जाते. नंतर ही किल्ली तयार करायलाही फोनवरची संमती लागू लागली, तरी आधी बनलेली किल्ली खात्यात पडून नाही ना, हे अधूनमधून पाहावेच लागते.

इथे उपयोगी पडते ती एक कंटाळवाणी सवय. संमतीच्या पडद्यावर समोरच्या खात्याची स्टीम पातळी आणि ते खाते कधी उघडले ती तारीख दिसते. नाव आणि फोटो कोणीही बदलू शकतो. तारीख बदलता येत नाही. सौदा ठरतानाच ती टिपून ठेवायची आणि संमती देताना अक्षर न् अक्षर ताडून पाहायची. मुरलेला व्यापारी हे दर वेळी करतो, ओळखीच्या माणसाशीही, आणि त्याच्या कामाचा मोठा भाग अशाच रटाळ तपासणीचा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते तो दिवसभर भाव हेरत असेल. प्रत्यक्षात त्याच्या वहीत भावांपेक्षा तारखा जास्त असतात: कोणती वस्तू कोणत्या दिवशी सुटणार, कोणाचे पैसे कुठे अडकले आहेत, कोणत्या खात्याची पातळी किती होती.

बाकीच्या चाली कमी कसबाच्या, पण बळी त्यांनाही मिळतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर कोणी घाबऱ्या घाबऱ्या सांगतो की चुकून तुझ्या खात्याची तक्रार माझ्याकडून झाली, आता या स्टीम कर्मचाऱ्याशी बोल नाहीतर खाते बंद होईल. स्टीमचे कर्मचारी डिस्कॉर्डवर कोणाशी बोलत नाहीत, आणि तपासणीसाठी वस्तू दुसऱ्या खात्यात ठेवायलाही सांगत नाहीत. मध्यस्थ घालून करायच्या सौद्यात मध्यस्थ हा दुसऱ्या पक्षाचाच माणूस निघतो, किंवा नामांकित मध्यस्थाच्या नावाचे बनावट खाते. स्किन लावून जुगार खेळायच्या साइट तर वेगळेच प्रकरण. व्हॉल्व्हने जुलै २०१६मध्ये अशा २३ साइटना नोटिसा धाडल्या होत्या, आणि नव्या निघायच्या थांबल्या नाहीत. तिथे ठेवलेल्या वस्तूला कसलेच संरक्षण नाही.

पैशाची बाजू वस्तूच्या बाजूपेक्षा अधिक निसरडी आहे. पेपालवरून आलेल्या पैशाबद्दल देणारा १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. डिजिटल वस्तू खरोखर पोचवली हे सिद्ध करणे विकणाऱ्याला जड जाते. भारतात सौदे मुख्यतः यूपीआयवर होतात. यूपीआयचे पैसे असे सहज मागे जात नाहीत, म्हणून विकणारा निर्धास्त असतो, आणि धोका तिथेच असतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बनावट असणे ही तर बाळबोध पायरी; बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहिली की ती संपते. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. अवघड आहे तो तीन कोनांचा डाव. ठग एका बाजूला कोणाला तरी मोबाइल किंवा स्किन विकत असल्याचे भासवतो, दुसऱ्या बाजूला खऱ्या विक्रेत्याकडून स्किन घेत असतो, आणि त्या पहिल्या माणसाला पैसे थेट खऱ्या विक्रेत्याच्या खात्यात टाकायला सांगतो. विक्रेत्याला खरे पैसे मिळतात, तो वस्तू देतो, ठग निघून जातो. पैसे देणारा मात्र सायबर पोलिसांत तक्रार करतो, आणि बँक विक्रेत्याच्या खात्यातली तेवढी रक्कम, कधी सगळे खातेच, गोठवते. मग दूरच्या कुठल्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार सुरू होतो. पुण्या-नाशिकच्या कॉलेजातल्या मुलाला, ज्याचे खाते बहुधा आईवडिलांनी उघडून दिलेले असते, हे प्रकरण स्किनच्या किमतीच्या कितीतरी पट महागात पडते. त्यामुळे पैसे पाठवणाऱ्याचे यूपीआयवरचे नाव आणि सौदा करणाऱ्याचे नाव एकच आहे का, हे आधी पाहावे लागते. ‘मित्राच्या खात्यातून टाकतो’ म्हटले की सौदा तिथेच थांबवायचा. चोरीच्या पैशाची ही वाट व्हॉल्व्हलाही ठाऊक होती. ऑक्टोबर २०१९मध्ये नव्याने घेतलेल्या चाव्या दुसऱ्याला देण्यावर बंदी आली तेव्हा कंपनीने उघडच सांगितले, की विक्रीला येणाऱ्या जवळजवळ सगळ्या चाव्या लबाडीच्या पैशातून आलेल्या असतात.

जुलै २०२५मध्ये कुलपाचे स्वरूपच बदलले. ट्रेड झाल्यावर ७ दिवस वस्तू ‘संरक्षित’ राहते: नव्या मालकाला ती वापरता येते, पण पुढे देता किंवा बदलता येत नाही. या सात दिवसांत जुना मालक व्यवहार उलटवू शकतो. एखादाच निवडून नव्हे; त्या आठवड्यातले सगळे संरक्षित ट्रेड एकदम उलटतात आणि त्याच्या खात्यावर ३० दिवस व्यापारबंदी येते. वस्तूची प्रत मिळणे बंद झाल्यापासून बळकावलेल्या खात्याच्या मालकाला हा पहिलाच खरा दिलासा. पण रोखीच्या सौद्यात तीच सोय ठगाच्या हातात आली. आज यूपीआयने पैसे घ्यायचे, स्किन द्यायची, आणि पाचव्या दिवशी ‘माझे खाते हॅक झाले होते’ म्हणून सगळे उलटवायचे. महिनाभराची बंदी हा त्याच्या दृष्टीने किरकोळ खर्च. त्यामुळे घेणाऱ्याला पैसे आठवड्याने द्यायचे असतात, विकणाऱ्याला आज हवे असतात, आणि दोघांचेही म्हणणे रास्त असते. बाहेरच्या मोठ्या बाजारपेठांनी हा तिढा विकणाऱ्याचे पैसे मुदत संपेपर्यंत स्वतःकडे ठेवून सोडवला. अनोळखी माणसांमधला थेट सौदा मात्र तेव्हापासून शहाण्या व्यापाऱ्याने जवळपास सोडून दिला आहे, आणि ते बरोबरच आहे.

मोबाइल खेळांची गोष्ट निराळी. बीजीएमआयमध्ये स्किन एकमेकांना विकण्याची सोयच नाही, म्हणून अख्खी ‘आयडी’, म्हणजे खेळातले खातेच, विकली जाते. हा व्यवहार खेळाच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यात कोणतीही मुदत, कोणतीही नोंद नाही. आयडी ज्या ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याशी जोडलेली, ते मुळात उघडणारा माणूस महिन्यांनंतरही ती परत मिळवू शकतो. घेणाऱ्याने पासवर्ड बदलला, फोन नंबर बदलला, तरी पहिल्या मालकाकडे पहिल्या दिवसाचा तपशील असतोच. या खरेदीला सुरक्षित रीत नाही, आणि तशी रीत सांगणारे बहुधा स्वतःच आयडी विकत असतात.

घात झालाच तर क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, मग पासवर्ड, मग एपीआय किल्ली रद्द, मग ट्रेड लिंक नवी, आणि वस्तू संरक्षित मुदतीत असेल तर व्यवहार उलटवणे. किल्ली रद्द न करता पासवर्ड बदलून समाधान मानणारे दुसऱ्यांदा लुटले जातात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला अडवता आली तरच ती सापडते. गप्पा, ट्रेडचा इतिहास, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हे सगळे पुसले जाण्याआधी जपून ठेवायचे. घरच्यांपासून लपवण्यात पहिले काही तास घालवणे ही तरुण मुलांची नेहमीची अडचण, आणि नेमके तेच तास कामाचे असतात.

सौदा निर्धोक झाला म्हणजे भावही निर्धोक राहील, असे मात्र नाही. २२ ऑक्टोबर २०२५च्या अपडेटने पाच लाल दर्जाच्या, म्हणजे चाकूंखालोखाल दुर्मीळ, वस्तू देऊन एक चाकू किंवा हातमोज्यांची जोडी मिळवण्याची मुभा दिली. तोवर चाकू जवळजवळ फक्त पेटीतूनच निघे. एका रात्रीत चाकूंचे भाव कोसळले, लाल स्किनचे वर उडाले आणि बाजाराच्या एकूण किमतीतून अब्जावधी डॉलर पुसले गेले. ज्यांचे चाकू मोकळे होते त्यांनी तासाभरात मिळेल त्या भावाला काढले. आदल्या आठवड्यात चाकू घेतलेल्यांच्या वस्तूंना सात दिवसांचे कुलूप होते. त्यांना ते उघडेपर्यंत भाव उतरताना पाहण्याखेरीज काही करता आले नाही.